अग्निशामक भरतीची शारीरिक चाचणी: तयारी कोणत्या क्रमाने करायची आणि पोरं नेमकी कुठे अडकतात

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं अग्निशमन दलाची जाहिरात आली की तिथंही फॉर्म भरतात. त्यात गैर काही नाही. घोळ होतो तो तयारी तीच ठेवल्यामुळे. पहाटे ग्राउंडवर पळायचं, गोळा फेकायचा, संध्याकाळी लेखीचा अभ्यास. मग प्रत्यक्ष भरतीत छाती दीड सेंटीमीटरने कमी भरते, नाहीतर डमी (उचलून न्यायची माणसाएवढी प्रतिकृती) गुडघ्यापर्यंत येते आणि तिथंच सुटते. पळण्याचा सराव सगळ्यांचाच असतो. पोरं अडकतात ती मोजमापात, ओझ्यात आणि उंचीच्या भीतीत. या तिन्हींना वेळ लागतो, म्हणून तयारीची सुरुवात तिथून करायची.

खालचा क्रम हातात साधारण चार महिने आहेत असं धरून लिहिलाय. जाहिरात निघाल्यावर जागे झालात तर एवढा वेळ मिळत नाही.

## १. आधी स्वतःला मोजा, तेही कुठल्या दलासाठी ते ठरवून

'फायरमनची उंची किती लागते?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. प्रत्येक भरतीचे आकडे वेगळे असतात:

- मुंबई अग्निशमन दल (२०२२-२३ ची ९१० जागांची भरती): पुरुष १७२ सेमी, महिला १६२ सेमी, वजन किमान ५० किलो. पुरुषांची छाती ८१ सेमी, फुगवून ८६.
- राज्यातल्या इतर बऱ्याच महापालिका: पुरुषांसाठी १६५ सेमी, वजन ५० किलो, छाती ८१ आणि फुगवून ८६.
- विमानतळ प्राधिकरण, कनिष्ठ सहायक (अग्निशमन सेवा): पुरुष १६७ सेमी, ५५ किलो, छाती ८१ आणि ५ सेमी फुगवटा. महिला १५७ सेमी, ४५ किलो.
- सीआयएसएफ (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल), कॉन्स्टेबल फायर (फक्त पुरुष): १७० सेमी, छाती ८० आणि फुगवून ८५.

आता यांच्या शेजारी पोलीस शिपाई ठेवा: पुरुष १६५ सेमी, छाती ७९ आणि ५ सेमी फुगवटा, महिला १५५ सेमी. म्हणजे ७९-८४ छातीचा मुलगा पोलिसात आरामात बसतो आणि अग्निशमन दलाच्या टेपवर बाद होतो. मुलींनी तर हा फरक आणखी जपून पाहावा. १५५ आणि १६२ यांच्यातले सात सेंटीमीटर कुठल्याही अकॅडमीत भरून मिळत नाहीत.

सीआयएसएफमध्ये मराठा उमेदवारांसह काही गटांना उंची आणि छातीत सवलत असते. त्यासाठीचं प्रमाणपत्र जाहिरातीला जोडलेल्या नमुन्यातच लागतं. नुसता जातीचा दाखला घेऊन गेलेली पोरं परत येतात.

उंची मोजायची ती अनवाणी. टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर सरळ समोर. हनुवटी वर केली की उंची वाढते असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात डोकं मागे कलतं आणि मापात नुकसान होतं. डोक्यावर जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात धरायला दुसऱ्याला सांगा आणि खूण करून टेपने मोजा.

तपासा: सकाळी उठल्यावर एकदा आणि संध्याकाळी एकदा मोजा. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि उंची सुमारे एक सेंटीमीटरपर्यंत घटते. मोजणी दुपारी चारला होईल की सकाळी सहाला हे तुमच्या हातात नाही, म्हणून संध्याकाळचा आकडा खरा धरायचा. संध्याकाळी १७२ भरत असाल तर निश्चिंत राहा. फक्त सकाळी भरत असाल तर त्या भरतीसोबत १६५ किंवा १६७ वालीही डोळ्यासमोर ठेवा.

## २. छाती: दोन आकडे, एक चलाखी आणि तिचा तोटा

टेप स्तनाग्रांच्या पातळीवर, पाठीमागे खवाट्याच्या खालच्या टोकापाशी, जमिनीला समांतर. हात खाली सैल. आधी श्वास सोडून साधं माप, मग पूर्ण श्वास भरून दुसरं.

ज्यांची छाती ८० च्या आसपास आहे ती पोरं पहिल्या मापाच्या वेळी थोडी हवा आत धरून ठेवतात. ८१ भरतं, मोजणारा लिहून घेतो आणि म्हणतो, 'हं, फुगव.' आता फुगवायला काही उरलेलंच नसतं. टेप ८४ वर थांबते.

जाहिरातीतलं वाक्यही नीट वाचा. 'फुगवून किमान ८६' असं असेल तर साधी छाती ८३ असलेल्याला तीन सेंटीमीटर फुगवटा पुरतो. 'किमान ५ सेमी फुगवता आली पाहिजे' असं असेल तर त्याच मुलाला ८८ गाठावं लागतं.

साधं माप वाढवायला जोर, डिप्स आणि पाठीचे व्यायाम लागतात. माप पाठीवरूनही जातं हे विसरून लोक नुसते जोर मारत बसतात. सिंगल बारवर ओढण्याने पाठीचा पसारा वाढतो आणि टेपवर तो दिसतो. फुगवट्यासाठी रोज दहा मिनिटं: नाकाने सावकाश श्वास घ्या, बरगड्या बाजूंना उघडू द्या, पाच सेकंद धरा, पूर्ण सोडा. खांदे कानाकडे उचलले की छाती फुगल्यासारखी वाटते, टेप मात्र जागची हलत नाही. आरशासमोर उभं राहून खांदे खाली ठेवायची सवय लावा.

## ३. वैद्यकीय बाबी पहिल्याच आठवड्यात

चार महिने घाम गाळून शेवटी डोळ्यांवर बाद होण्यात अर्थ नाही. सुरुवातीलाच सरकारी दवाखान्यात जाऊन एवढं पाहून घ्या: चष्म्याशिवाय दृष्टी, रंग ओळखण्याची चाचणी (ठिपक्यांतले आकडे वाचायची), रक्तदाब, हर्निया किंवा हायड्रोसील, पायांवरच्या फुगलेल्या शिरा, सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणं.

सपाट तळवा घरीही कळतो. पाय ओला करून कोरड्या फरशीवर ठेवा. ठशात तळव्याच्या आतल्या बाजूला कमान दिसली तर ठीक. पूर्ण पाऊल उमटलं तर डॉक्टरांना दाखवा. हर्निया, हायड्रोसीलवर शस्त्रक्रिया होते, पण त्यानंतर ओझं उचलायला बराच काळ थांबावं लागतं. म्हणून हे आधी.

लेसर करून चष्मा घालवण्याच्या आधी त्या भरतीचे वैद्यकीय नियम वाचा. सगळीकडे ते चालत नाही.

## ४. पहिले सहा आठवडे: पाया

या काळात डमी नाही, गोणी नाही. आठवड्यातले पाच दिवस, तेही आलटून पालटून:

- दोन दिवस बैठका, जोर, सिंगल बार, आणि पोट-कंबरेचे व्यायाम.
- दोन दिवस सावकाश धावणं, तीन ते पाच किलोमीटर. बोलता येईल इतक्याच वेगाने.
- एक दिवस चढण. पुण्यात पर्वती, साताऱ्यात अजिंक्यतारा, कोल्हापूरकडे जोतिबा. काहीच नसेल तर चार मजली इमारतीचा जिना. आधी रिकाम्या हाताने, चौथ्या आठवड्यापासून पाठीवर सात-आठ किलोची पिशवी.

वजनाचा प्रश्न इथंच सोडवायचा. ५० किलो ही किमान अट आहे, ते काही उद्दिष्ट नव्हे. १७२ सेमी उंचीचा, ५१ किलोचा मुलगा कागदावर पात्र असतो, पण त्याला जवळपास स्वतःएवढी डमी उचलायची असते. शक्य असेल तर साठच्या जवळ जा. त्याला प्रोटीन पावडरचा डबा लागत नाही. दोन वेळचं भरपूर जेवण, डाळ-उसळ, अंडी किंवा दूध, मूठभर शेंगदाणे, गूळ-फुटाणे आणि आठ तास झोप. जिममधल्या कुणी 'एक कोर्स कर, महिन्यात दिसेल' म्हणून इंजेक्शन सुचवलं तर ती जिम सोडा.

पुढे जाण्याआधी तपासा: सलग २५ जोर, ४० बैठका, सिंगल बारवर निदान ५ वेळा हनुवटी वर, आणि पाच किलोमीटर न थांबता. हा अधिकृत निकष नाही, माझा आहे. एवढं होत नसेल तर आणखी दोन आठवडे इथंच काढा. मुलींना बारवर पाच अवघड जात असतील तर बारला ३० सेकंद लटकून राहण्यापासून सुरू करा आणि पाय टेकवून ओढत वाढवत न्या.

## ५. डमी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मुंबईच्या भरतीत ५० किलोची मानवी प्रतिकृती उचलायला असते, विमानतळाच्या चाचणीत जखमीला वाहून नेणं असतं. मित्राला खांद्यावर घेऊन सराव करणाऱ्यांची इथं फसगत होते. मित्र नकळत मदत करतो: पाय टेकवतो, तुमच्या मानेला धरतो, पोट आवळून घेतो. डमी यातलं काहीच करत नाही. ती ओल्या गोधडीसारखी सगळीकडून ओघळते.

सरावाची डमी घरी करता येते. जुनी जीन्स आणि जाड शर्ट एकमेकांना शिवा. आत वाळूच्या छोट्या पिशव्या भरा आणि मोकळ्या जागी चिंध्या कोंबा. हातापायांत वजन कमी, धडात जास्त. हे करायचा कंटाळा असेल तर सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरा, पण वजनकाट्यावर ठेवून. सिमेंटची गोणी ५० किलोची असते म्हणून तेवढीच वाळू भरली की वजन पन्नासच्या पुढे जातं, कारण वाळू जास्त जड. पोरं ५५-५६ किलो ५० समजून उचलतात आणि कंबर धरून बसतात.

वजन वाढवण्याचा क्रम: २० किलो, मग ३०, ४०, ५०, आणि शेवटी ५५. प्रत्येक टप्प्याला निदान एक आठवडा. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये दोन दिवसांचं अंतर.

उचलायची पद्धत, म्हणजे फायरमन लिफ्ट:

१. डमी पालथी करा. तिच्या डोक्याकडे, तिच्या दिशेने तोंड करून, एक गुडघा टेकून बसा.
२. दोन्ही हात तिच्या काखांखालून घाला आणि तिला छातीशी ओढून गुडघ्यांवर आणा.
३. पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर उठा. आता डमी तुमच्या समोर उभी आहे.
४. डाव्या हाताने तिचं उजवं मनगट पकडा आणि त्या हाताखालून डोकं काढा. त्याच वेळी गुडघ्यांत वाकून उजवा खांदा तिच्या ओटीपोटाला लावा.
५. उजवा हात तिच्या पायांमधून घाला आणि उठा. भार दोन्ही खांद्यांवर आडवा आला पाहिजे.
६. तिचं मनगट डावीकडून उजव्या हातात घ्या. डावा हात मोकळा झाला. शिडी किंवा कठडा धरायला तोच लागतो.

चूक बहुतेक वेळा चौथ्या पायरीवर होते. गुडघ्यांऐवजी कमरेतून वाकलं की खांदा पोटाऐवजी छातीला लागतो, डमी मागे घसरते आणि मग पोरं तिला हिसक्याने वर फेकतात. हिसका दिला की कंबर गेली. खांदा जितका खाली लावाल तितकी डमी स्वतःहून आडवी पडते.

खांद्यावर घेतल्यावर पहिली तीन-चार पावलं छोटी टाका, श्वास सुरू ठेवा, मग वेग घ्या. खाली ठेवतानाही गुडघ्यांतून. टाकून देऊ नका. काही ठिकाणी परीक्षक तेही बघतात.

सावधान: कमरेतून पायाकडे कळ गेली किंवा पायाला मुंग्या आल्या तर सराव त्याच क्षणी बंद. 'अंग दुखतंय म्हणजे लागू पडतंय' हे इथं चालत नाही.

## ६. दोर आणि शिडी

दोरावर चढताना नुसत्या हातांनी ओढत जाणारे अर्ध्यात संपतात. दोर एका पावलाच्या बाहेरून खाली सोडा आणि दुसऱ्या पायाने त्या पावलावर दाबून अडकवा. पायांवर उभं राहा, हात वर सरकवा, पाय गोळा करा, परत अडकवा. जवळ दोरीचा मल्लखांब शिकवणारी व्यायामशाळा असेल तर महिनाभर तिथं जा. हाताची पकड आणि पायाची अढी दोन्ही तिथं तयार होतात. नसेल तर सिंगल बारवरून जाड ओला टॉवेल टाकून त्याला लटका.

उतरताना घसरत यायचं नाही. तळहाताची साल निघते आणि पुढच्या चाचणीत डमी पकडता येत नाही. हाताखाली हात घेत उतरा.

शिडीवर पायऱ्या पकडा, बाजूचे दांडे नको. पाय सटकला तर दांड्यावरचा हात घसरतो, पायरीवरचा थांबतो. पावलाचा मधला भाग पायरीवर, शरीर शिडीला जवळ, नजर समोरच्या पायरीवर. उलट बाजूचा हात-पाय एकत्र हलवायची लय आधी सावकाश बसवा, वेग नंतर येतो. सरावाची शिडी भिंतीला लावताना खाली कुणीतरी धरून उभं असलंच पाहिजे.

## ७. उंचीवरून उडी: सराव कशाचा करायचा, कशाचा नाही

मुंबईच्या भरतीत १९ फुटांवरून जंपिंग शीटमध्ये (खाली जवानांनी ताणून धरलेल्या जाड कापडात) उडी असते. म्हणजे जवळजवळ दोन मजले. हे ऐकून पोरं गावाकडे वाळूच्या ढिगावर, नाहीतर गाद्या टाकून स्लॅबवरून उड्या मारतात. हे अजिबात करू नका. वाळूवर पायांवर पडायची सवय लागते आणि जंपिंग शीटमध्ये नेमकं तेच टाळायचं असतं. पायांवर पडलात तर घोटा किंवा गुडघा जातो. शिवाय गुडघा आपल्याच हनुवटीवर आदळतो.

शीटमध्ये बसल्यासारखं पडायचं असतं: पाय पुढे, हात छातीवर आवळलेले, हनुवटी छातीकडे, भार कुल्ल्यांवर आणि पाठीवर. कडेवरून वर उडी मारायची नाही, नुसतं पुढे पाऊल टाकून सुटायचं. जोरात झेप घेणारा शीटच्या मध्यावर न पडता पलीकडच्या कडेला जातो.

घरी करण्याजोगा सराव दोनच गोष्टींचा. एक, जाड मॅटवर उकिडवं बसून मागे पाठीवर पडणं, हनुवटी आत ठेवून. दुसरी, उंचीची सवय. कठडा असलेल्या गच्चीवर रोज पाच मिनिटं उभं राहून खाली पाहा आणि श्वास संथ ठेवा. प्रत्यक्ष उडी फक्त प्रशिक्षित लोक शीट धरून उभे असतील तिथंच.

भरतीच्या दिवशी वर गेल्यावर खालून सूचना मिळते. ती नीट ऐका आणि इशारा झाला की सुटा. वर उभं राहून विचार करायला लागलात की भीती वाढतच जाते.

## ८. धावणं आता

मुंबईत पुरुषांना ८०० मीटर तीन मिनिटांत पळायचे होते. ४०० मीटरच्या ट्रॅकवर फेरीला ९० सेकंद. गर्दीत सुटताना पहिली फेरी ७० सेकंदांत मारायची आणि दुसऱ्या फेरीच्या वळणावर पाय जड करून घ्यायचे, हा प्रकार दर भरतीत दिसतो. दोन्ही फेऱ्या ८५ च्या आसपास ठेवा. आठवड्यातून एकदा ४०० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी ८५ सेकंद, मध्ये दोन मिनिटं चालणं. एवढं पुरतं.

सीआयएसएफला ५ किलोमीटर २४ मिनिटांत लागतात, म्हणजे किलोमीटरला ४ मिनिटं ४८ सेकंद. दोन्ही भरत्या डोक्यात असतील तर पाच किलोमीटरची तयारी धरा. ८०० चा वेग त्यावर तीन आठवड्यांत चढवता येतो. उलटं होत नाही.

## ९. सगळं एकापाठोपाठ

शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एक दिवस पूर्ण मालिका करा: ८०० मीटर, दहा मिनिटं विश्रांती, डमी, पुन्हा विश्रांती, दोर, शिडी. वेगवेगळ्या दिवशी सगळं जमणारा मुलगा धावल्यानंतर थरथरत्या पायांनी डमीखाली बसतो तेव्हा उठू शकत नाही. हे घरी कळलेलं बरं.

मालिका कधी उन्हात, कधी उपाशीपोटी रांगेत उभं राहिल्यासारखी, दोन तास ताटकळून करा. थेट भरतीत पहाटेपासून रांग असते आणि नंबर दुपारी लागू शकतो.

## १०. शेवटचा आठवडा आणि भरतीचा दिवस

आठ दिवस आधी ओझ्याचा सराव बंद. उंची काठावर असेल तर आदल्या दिवशी पाठीवर जड सॅक घेऊन प्रवास करू नका, रात्री आडवं होऊन नीट झोपा. स्टेशनवर बसून रात्र काढलेल्याची उंचीही घटते आणि रक्तदाबही वाढतो.

सकाळी केळी, पोळी-गूळ किंवा साधा उपमा, तोही दोन तास आधी. जवळ ओआरएसचं पाकीट आणि पाणी ठेवा. एनर्जी ड्रिंक नको, तपासणीत रक्तदाब चढा दाखवतो. वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेऊन पळू नका. दुखणं कळत नाही आणि इजा मोठी होते.

कपडे: पूर्ण पायघोळ ट्रॅकपँट (दोराने मांड्या सोलतात), फिट बसणारा टी-शर्ट, आणि वापरून मऊ झालेले बूट. नवे बूट नेमके त्या दिवशी पहिल्यांदा घालणारे हमखास भेटतात. हातातलं कडं, गळ्यातली चेन, अंगठ्या घरीच. नखं कापलेली. मूळ कागदपत्रं आणि दोन झेरॉक्स संच प्लास्टिकच्या पिशवीत.

'साहेबांशी बोलून उंची मॅनेज करतो' म्हणणारा मैदानाबाहेर भेटला तर त्याच्याशी बोलूही नका.

प्रत्येक चाचणीनंतर तुमच्यासमोर आकडा लिहिला जातो आणि सही घेतली जाते. सही करण्याआधी तो आकडा वाचा. माप चुकलंय असं वाटत असेल तर वाद न घालता तिथल्या अधिकाऱ्यांकडे त्याच वेळी फेरमोजणीची लेखी विनंती द्या आणि पोच घ्या. मैदान सोडून घरी आल्यावर केलेल्या तक्रारीला फारसं बळ उरत नाही.